परत न आलेलं पान

सर, विहारात तुमच्या जलदानविधीला मला दोन शब्द बोलायला लावलं. मी पाच मिनिटं बोलले. तुम्ही किती वक्तशीर होतात, पुस्तकांना कव्हरं किती सुबक घालायचात, वैद्यकीय ग्रंथालयाच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत एकही पुस्तक कसं हरवू दिलं नाहीत, असलं सगळं. लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसले तेव्हा तुमच्या सुजातानं पाण्याचा ग्लास हातात दिला आणि हळूच विचारलं, "मावशी, एक इचारू का? त्या पुराच्या टायमाला बाबांच्या हातनं खरंच चूक झाली होती का ओ?"

मी म्हणाले, "माणूस गेल्यावर असलं काढू नये, बाळा."

मी पाणी प्याले आणि घरी आले. त्याला आज सहा दिवस झाले. त्या पाच मिनिटांत मी एकही खोटं वाक्य बोलले नव्हते, पण जे बोलायला हवं होतं ते मात्र गिळून बसले. तुमच्यासमोर मी कधी तोंड आवरलं नाही हे साऱ्या रुग्णालयाला ठाऊक आहे. याच एका गोष्टीत माझी जीभ कशी लुळी पडली, ते मलाही अजून नीट कळलेलं नाही.

आपलं ग्रंथालय कुठं आहे हे आपल्याच रुग्णालयातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. तळमजल्याला, क्ष-किरणाच्या खोलीमागं, चादरींच्या स्टोअरला लागून. तुम्ही ग्रंथपाल, मी सहायक आणि झाडझुडीला कौसाबाई. डॉक्टर लोक जाडजूड पुस्तकं घेऊन जायचे, नर्सिंगच्या मुली परीक्षा तोंडावर आली की यायच्या आणि बाकीचे दिवस आपण दोघं समोरासमोर बसून भांडायचो. पंखा किती नंबरवर ठेवायचा इथपासून सुरुवात. अठरा वर्षं हेच. माझ्या नवऱ्याशी मी इतकं भांडले नाही. तो बिचारा लग्नाच्या सातव्या वर्षीच गेला.

मग कोरोना आला. लोकांच्या मोबाइलवर तासातासाला नवा उपाय यायला लागला. कुणी नाकात लिंबू पिळत होतं, कुणी दिवसातून दहादा काढा पिऊन पोट जाळून घेत होतं. डॉक्टरांना बोलायला उसंत नव्हती. एका सकाळी तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बाई, एवढी पुस्तकं घेऊन बसलोय आपण. लोकायला सांगायला काय झालं?"

मी म्हणाले, "आपलं काम पुस्तकं द्यायचं. सल्ले द्यायचं नाही."

"सल्ला कोण देतंय? डॉक्टर काय म्हणायलेत ते लोकाच्या भाषेत लिहून द्यायचं. तेवढंच."

तेवढंच! तुमच्या त्या 'तेवढंच'नं पुढं माझ्या साऱ्या रविवारांचा निकाल लावला. रोज एक पान. एकाच बाजूला छापलेलं, मोठ्या अक्षरात. सरकारी सूचना, नवी पुस्तकं, डॉक्टरांची टिपणं असं सगळं तुम्ही वाचायचं, त्याचं दहा-बारा ओळींत मराठी करायचं, वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांची सही आणायची. आणि सही झाली तरी पान छापायला जायचं नाही. आधी ते कौसाबाईला वाचून दाखवायचं.

पहिल्या पानावर तुम्ही लिहिलं होतं, 'लक्षणे दिसताच संपर्क साधावा.' कौसाबाई झाडू टेकवून म्हणाली, "लक्षणं तं सुनंची बघतेत ओ साहेब. इथं कुणाची सून आणायलात?"

मी पोट धरून हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'ताप, खोकला, दम लागणे, यातलं काहीही झालं तर.' मग मला म्हणालात, "जेला कळलं न्हाई तेची चूक न्हाई, बाई. लिहिणाराची हाय." त्या दिवसापासून आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावी जाणाऱ्या प्रत्येक पानाची पहिली परीक्षक कौसाबाई झाली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण तिनं पानं नापास करण्यात कुठल्याही मास्तराला मागं टाकलं असतं.

तुम्हाला आठवतं का, मला कोरोना झाला आणि आपल्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर पडले होते? तिथं कुणी यायचं नाही. आलं तरी नखशिखांत झाकलेलं, डोळेसुद्धा धड दिसायचे नाहीत. रोज सकाळी नऊला तुमचा फोन यायचा. "बाई, आजचं पान वाचतो, जरा चुका काढा." तुम्ही सावकाश वाचायचात, मी धापा टाकत चुका काढायचे. मला वाटायचं, बघा, माझ्यावाचून यांचं पान हलत नाही. बरी होऊन आल्यावर कळलं, पानं रोज माझ्या फोनच्या आधीच छापून गेलेली असायची, आणि मी सांगितलेल्या चुका तुम्ही त्यांत आधीच दुरुस्त केलेल्या होत्या. त्या चुका तुम्ही फोनवर मुद्दाम वाचत होतात. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. इतकी वर्षं रोज समोर होतात, आणि तरीही राहून गेले.

आता तुमच्या त्या नियमाबद्दल. त्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढं पंख्यावरूनही भांडलो नसू.

तुमचं म्हणणं, माहिती शिळी होते. कालचं बरोबर आज चूक होतं. म्हणून प्रत्येक पानाच्या वर तुम्ही पेनानं, स्वतःच्या हातानं तारीख घालायचात आणि पुढं लिहायचात, 'हे पान अमुक दिवसापर्यंत खरं.' आणि गावातल्या आशाताई नवं पान न्यायला आल्या की आधी जुनं परत मागायचात. पुस्तक परत घेतात तसं. त्याची वही होती. गाव, पान नंबर, दिल्याची खूण, परत आल्याची खूण. परत नाही आलं तर लाल पेनानं 'बाकी'. पान भिंतीला चिकटवायचं नाही, खिळ्याला अडकवायचं. म्हणजे उतरवता येतं.

मी म्हणायचे, "सर, फुकट वाटायच्या कागदाला परतीची तारीख? उद्या लग्नाच्या पत्रिकापण परत मागताल."

तुम्ही म्हणायचात, "पुस्तक जुनं झालं तं कपाटात गप बसतं, बाई. कागद भिंतीवर बसून बोलत ऱ्हातो."

तुमच्या घरी लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारखेची चिठ्ठी असते हे तुमच्याच तोंडून कळल्यावर मी सगळ्या स्टाफला सांगून ठेवलं होतं. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. उलट म्हणालात, "म्हणून तं आमचं लोणचं नासत न्हाई."

एक कबूल करते. मी लोकांना सांगताना कायम अर्धीच गोष्ट सांगायचे. जुनं पान नाही तर नवं नाही, असे हे खंदारे सर, म्हणून मी तुमची टिंगल करायचे. खरं म्हणजे तुम्ही नवं पान कुणालाच नाकारलं नाही. रागावायचात, पण द्यायचात. मग दुपारी वही उघडून एकेका 'बाकी' गावाला फोन लावायचात. गुरुजी असतील, किराणा दुकानदार असेल, गिरणीवाला असेल. "नमस्कार, मी ग्रंथालयातून बोलायलोय. ते जुनं पान तेवढं उतरवता का?" तुमच्या त्या सगळ्या नियमातली खरी जान त्या फोनांत होती. हे मला तेव्हा दिसत नव्हतं. माझ्या डोळ्यांना फक्त लाल पेन दिसायचं.

आणि मग पूर आला.

तो पाऊस मी इथं वर्णन करत बसत नाही, तुम्हीही पाहिलात. गावं तुटली, वीज गेली, मोबाइल कधी लागायचा कधी नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी पान काढलं. पाणी कसं उकळायचं, विहिरीत औषध किती टाकायचं, जुलाब झाले तर पोराला काय पाजायचं. आणि साप. पाण्यानं बिळं भरली की ते घरात, गोठ्यात, गोवऱ्यांच्या ढिगात शिरतात. पानावर मोठ्या अक्षरात होतं: चावा घेतलेली जागा कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं जाऊ नका, हात-पाय हलवू न देता सरळ दवाखान्यात न्या. आणि त्याच्याखाली, सापाचं इंजेक्शन आज कुठं आहे त्याची यादी.

ती यादी करायची म्हणून तुम्ही सकाळी सातला येऊन बसायचात. प्रत्येक आरोग्य केंद्राला फोन. इंजेक्शन आहे का, रस्ता चालू आहे का, वीज आहे का. नर्सनं सांगितलं तरी पुन्हा गावातल्या दुसऱ्या माणसाला विचारायचं. मी कंटाळून म्हणाले, "आत्ताच सांगितलं ना तिनं?" तुम्ही म्हणालात, "एकानं सांगितली ती बातमी. दोघांनी सांगितली ती माहिती." एकदा कुठल्याशा केंद्रातून एका नव्या डॉक्टरचा फोन आला. समोर सर्पदंशाचा रुग्ण, इंटरनेट बंद, पोरगा बावरलेला. तुम्ही पुस्तक उघडून डोस वाचून दाखवलात, मग त्याच्याकडून परत म्हणवून घेतलात, आणि दुसऱ्या फोनवरून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या डॉक्टरांना जोडून दिलंत. तुम्ही फोन ठेवलात. मी चहा आणला. तुम्ही तो प्यायला विसरलात.

तिसऱ्या दिवसाचं पान गेलं. त्यात चुडाव्याकडच्या गावांसाठी त्यांच्या जवळच्या आरोग्य केंद्राचं नाव होतं. चौथ्या दिवशी सकाळी कळलं की केंद्राच्या आवारात पाणी शिरलं, तिथल्या लोकांनी इंजेक्शनं आणि रुग्ण वेळेत हलवले. तुम्ही लगेच नवं पान केलं: तिथं जाऊ नका, थेट पूर्णेला नाहीतर परभणीला आपल्याकडं या.

त्या सकाळी आपली चांगलीच जुंपली होती. वहीत पाच गावं लाल झाली होती आणि तुम्ही मला म्हणालात, "बाई, तुमच्या हातनं दिलेलेच जास्त बाकी दिसायलेत." मी भडकले. "पुरात बुडालेल्या माणसाला तुमी जुना कागद मागताय? लाज वाटत नाही?" तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "कागद मागत न्हाई, बाई. भिंतीवरनं उतरला का, एवढंच इचारायलोय."

आणि तुम्ही पुढची सही आणायला वर गेलात.

तेवढ्यात मंगलताई आल्या. चुडाव्याच्या पलीकडच्या एका गावच्या आशाताई. रस्ता बंद म्हणून पॅसेंजरनं आलेल्या, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. परतीची गाडी सुटायला थोडाच वेळ होता. मी विचारलं, "जुनी पानं?"

"बाई, चिकटवलेत की ओ भिंतीला. वारं सुटायलंय, खिळ्याला अडकवले तं उडून जातेत. कसं काढून आणू? बसू का उठू, गाडी जायली."

मी नवी पानं त्यांच्या पिशवीत घातली. यात माझं काही चुकलं नाही, सर. हे मी आजही भांडून सांगेन. तुम्ही असतात तर तुम्हीही दिली असतीत. पण मग मी वही ओढली. लाल पेन उचललं, आणि खाली ठेवलं. सहावं गाव लाल करायचं, मग तुम्ही वरून येणार, वही बघणार, काही न बोलता नुसतं बघणार. त्या बघण्याची मला चीड होती. मी निळ्या पेनानं 'परत' च्या रकान्यात खूण केली. माझी नेहमीची, लांब शेपटीची. झालं. त्याला दोन सेकंदही लागले नाहीत.

त्या दुपारी तुम्ही बाकीच्या पाच गावांना फोन लावलेत. शेजारच्याच गावच्या गुरुजींचा फोन पहिल्या झटक्यात लागला आणि पान उतरलं. मंगलताईंच्या गावाला तुम्ही फोन केला नाहीत. का करणार? वहीत तिथलं पान परत आलं होतं. मंगलताई चुडाव्यात उतरल्या तेव्हा पुढच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. त्या नणंदेकडं थांबल्या. नवी पानं त्यांच्याजवळच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावातली रुक्मिण चुलीसाठी कोरड्या गोवऱ्या काढायला गेली आणि घोणस तिच्या हाताला चावली. नवरा मंदिराच्या भिंतीकडं धावला, कारण कागद तिथं होता. वरची तारखेची ओळ शाईची, पावसानं धुऊन गेलेली. खाली छापलेलं केंद्राचं नाव मात्र ठसठशीत. मांत्रिकाकडं नेलं नाही, आवळून बांधलं नाही, सगळं आपल्या पानावर होतं तसं केलं. ट्रॅक्टर काढला आणि पाण्यातून वाट काढत त्या केंद्रावर गेला. दाराला कुलूप, अंगणात पाणी. तिथून मागं फिरून आपल्याकडं येईपर्यंत दुपार झाली.

रुक्मिण वाचली. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

तिला भरती केल्याच्या चौथ्या दिवशी तिचा नवरा भिंतीवरून खरवडून काढलेलं पान घेऊन खाली आला. आरडाओरडा नाही, काही नाही. दारात उभा राहून म्हणाला, "हे तुमीच लिहिलंय न्हवं? मग तिथं कुलूप कसं काय?" तुम्ही त्याच्या हातातलं पान घेतलं. नंबर पाहिला. वही उघडली. बोट त्या ओळीवर फिरलं आणि थांबलं. मी समोरच्या टेबलावर होते. मी मान वर केली नाही, पण तुम्ही वही किती वेळ उघडी ठेवलीत ते मला कळत होतं. तुमच्या खुणा आखूड, माझ्या लांब. अठरा वर्षांत हे तुम्हाला माहीत नसेल?

तुम्ही वही मिटलीत. त्या माणसाला खुर्ची दिलीत. मला एक शब्द विचारला नाहीत.

चौकशी झाली. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी वही मागवली. वहीप्रमाणं पान परत आलेलं, आणि पान तर समोर पडलेलं. म्हणजे नोंदीच खोट्या. तुम्ही लेखी खुलासा दिलात: तारीख शाईनं लिहिली, ती पुसली जाईल याचा विचार केला नाही, पान परत आलं की नाही याची खातरजमा केली नाही, सगळी चूक माझी. तो खुलासा टाइप कुणी केला? मीच. तुम्ही सांगत गेलात आणि मी टाइप करत गेले. 'सगळी चूक माझी' या शब्दांवर माझी बोटं थांबली होती. तुम्ही म्हणालात, "हां, पुढं." इतकंच.

मी तेव्हा का बोलले नाही? नोकरी जाईल अशी भीती होती, नाही म्हणणार नाही. पण खरं कारण त्याहून क्षुल्लक आहे. त्या सकाळी मी तुम्हाला लाज वाटत नाही का म्हणून विचारलं होतं. आता मीच चुकले हे तुमच्या तोंडावर म्हणायचं मला जमलं नाही. एवढ्यासाठी मी तुमची चोवीस वर्षं वाऱ्यावर सोडली.

रुक्मिण वॉर्डात होती तोवर तुम्ही रोज दुपारी वर जायचात. एकदा मी मागून आले आणि दाराशी थांबले. तुम्ही तिला म्हणत होतात, "माझ्या कागदानं घोळ केला, बाई." ती बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "कागदानं जीव बी वाचिवला की ओ. न्हाई तं आमच्या सासऱ्यानं मांत्रिकाकडंच नेलं असतं मला. पर ह्या हातानं भाकर थापायची कशी, ते तेवढं कुठं लिहिलं असंल तं बघा." तुम्ही त्यावर खरोखरच खाली आलात आणि दोन दिवस पुस्तकं धुंडाळून, हाताच्या व्यायामाची चित्रं काढून तिला नेऊन दिलीत. मी तेवढा वेळ स्टूलवर चढून वरच्या फळ्या पुसत होते. त्या आधीच स्वच्छ होत्या.

पानं बंद झाली. वरून तोंडी निरोप आला की ग्रंथालयानं पुस्तकं सांभाळावीत. कौसाबाई आठवडाभर विचारत होती, "आज काय वाचायचं न्हाई का साहेब?" चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त झालात. समारंभात नारळ, शाल, फुलं. चहा पिताना मागं कुणीतरी म्हणालं, "हेच ना ते, ज्यांच्या कागदापायी त्या बाईची बोटं गेली?" मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत. मी बशीतला चिवडा निवडत बसले.

आता ग्रंथालयात मी एकटी आहे. मुलं येतात, मोबाइल चार्जिंगला लावतात, पंख्याखाली डुलक्या काढतात. कौसाबाईसुद्धा निवृत्त झाली. पंखा किती नंबरवर ठेवायचा ते मीच ठरवते, कुणी आडवं येत नाही. मागच्या पावसाळ्यात गावांमध्ये डेंगी पसरला तेव्हा मोबाइलवर पुन्हा वाट्टेल ते फिरायला लागलं. पपईच्या पानांचा रस काय आणि बकरीचं दूध काय. मंगलताईंचा फोन आला, "बाई, पान काढायलाव का? आमी कुणाला इचारावं?" मी म्हणाले, बंद आहे ताई. फोन ठेवला आणि तुम्हाला लावावा असं फार वाटलं. लावला नाही. निवृत्तीनंतर दोन-तीनदा तुमचाच फोन आला होता, "या की घरी एखांदे वेळेस," म्हणून. मी येते येते म्हणाले. मग तुमच्या छातीत दुखलं ते कळलं, आठ दिवस दवाखान्यात आहात ते कळलं. उद्या जाते म्हणेपर्यंत तुम्ही गेलात.

परवा मी अर्ज लिहिला. सगळं लिहिलं, वहीतल्या त्या खुणेसकट. तो घेऊन आस्थापना विभागात गेले. तिथले बाबू वाचून मलाच समजवायला लागले. "मॅडम, माणूस गेलं, फाईल बंद झाली. आता उगं कशाला अंगावर ओढून घ्यायलात?"

मी म्हणाले, "ओढून घेत नाही. माझंच आहे ते."

"चौकशी लागंल. रिटायरमेंटला किती ऱ्हायलं तुमच्या?"

"लागू द्या. आवक नंबर टाका."

त्यांनी नंबर टाकला आणि शिक्का मारला. त्याबरोबर एक विनंतीही दिली आहे, पानं पुन्हा सुरू करू द्यावीत म्हणून. उत्तर काय येईल ठाऊक नाही. तारीख मात्र या वेळी छापायची, शाईनं नाही, असं लिहिलं आहे. परत घ्यायचा नियम ठेवला आहे. तुम्ही जिंकलात एवढं मी लेखी देणार नाही, पण नियम ठेवला आहे.

काल संध्याकाळी तुमच्या घरी गेले. सुजाता पाखडलेले तांदूळ डब्यात भरत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चूक बाबांची नव्हती, माझी होती, आणि मी गप्प बसले. मला वाटलं होतं ती चिडेल, मला बाहेर काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बसा मावशी."

मग ती म्हणाली, "बाबानं तुमचं नाव कधी घेतलं न्हाई. पर रिटायर झाल्यापास्नं दर ऐतवारी सकाळीच दाढी करून, इस्तरीचा शर्ट घालून बसायचे. मी म्हणायचे, कोण येणार हाय? तं म्हणायचे, शैलाबाई येतील. तेंला काहीतरी सांगायचं हाय. सांगितलं की तेंच्या डोक्यावरलं उतरंल."

मी बसले. तीच पुढं म्हणाली, "दवाखान्यातबी ऐतवारी दाढीचं सामान मागितलं. नर्स न्हाई म्हणली, तं माझ्याकडनं करून घेतली."

सर, तुमचं घर माझ्या खोलीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. काल मी पहिल्यांदा आले.